अडीच

सप्टेंबरात आमच्या राचाच्या डोंगरात
शाळा दुपारीच सुटायची,
मास्तरणीचा नवराही झाडावरच असायचा ना.
फरची बोंडं हिरवी असतानाच उतरवावी लागतात.
पिकली की फांदीवरच सुटतात, पापुद्रा पापुद्रा,
मग बी वाऱ्याचं,
डेन्मार्कच्या व्यापाऱ्याचं नाही.

बाबा चढायचे. दोर होता, पण तो पोत्यासाठी.
मी खाली, काकाचं मोटरसायकलचं हेल्मेट घालून.
पट्टा तुटलेला, म्हणून हनुवटीखाली रुमालाची गाठ.
नियम एकच: वर बघायचं नाही.
वरून हाक यायची, "हे-ए!"
मग काही नाही.
मग डिंकाने चिकट, मुठीहून मोठं हिरवं काहीतरी
पाचोळ्यात धप्प.

त्या मधल्या 'काही नाही'चं मला वेड लागलं.

त्सियाला मास्तरणींनी युक्ती सांगितली.
वीतभराहून बोटभर लांब दोरा, टोकाला ट्रॅक्टरचा नट.
झुलव. जाऊन परत आला की एक सेकंद.
नटही पडतच असतो, त्या म्हणाल्या,
दोरा त्याला पोचू देत नाही एवढंच.
जो आकडा येईल त्याला त्यानेच गुण, मग पाचाने.
मीटर मिळतील.

दोन म्हणजे वीस.
अडीच म्हणजे एकतीस.
रात्री मी आईला सांगायचे, आज बाबा एकतीस.
आई बटाटे सोलत म्हणायची,
मला मीटर सांगू नकोस.

आणि जड वस्तू आधी पोचते का, मी विचारलं होतं.
हवा मध्ये लुडबुडली नाही तर सगळं बरोबरच येतं, मास्तरणी म्हणाल्या.
पृथ्वी वजन बघून घाई करत नाही.
मला ते आवडलं. न्यायाचं वाटलं.

मग तो गुरुवार.
हाक आली नाही.
फांद्या मोडत काहीतरी निघालं,
आणि माझा हात सवयीने नट झुलवत राहिला.
एक.
दोन.
आणि अर्धा झोका.

बूट होता.
डावा, नाड्या सुटलेला, आतून अजून ऊबदार.

बोंडाला अडीच. बुटाला अडीच.
तिसऱ्या कशाला किती लागतील
ते मला गुणाकार न करताच आलं.
न्याय किती गार असतो
ते हेल्मेटच्या आत, कानांपाशी कळलं.
मास्तरणींनी हेही सांगितलं होतं
की पडणाऱ्याकडे पृथ्वीसुद्धा वर सरकते, अगदी कणभर,
कणाच्याही कणभर.
तेवढ्या आपुलकीवर कुणी बापाला सोडत नाही.

मी वर बघितलं.

खूप उंचावर, हिरव्याच्या आत,
एक राखाडी मोजा. अंगठ्याला भोक.
तो फांदी चाचपत होता,
आंधळा माणूस उंबरठा चाचपतो तसा.

बुटाने जे अडीच सेकंदांत केलं
त्याला बाबांना पाऊण तास लागला.
तेही पडतच होते म्हणा,
पण हप्त्याहप्त्याने. दर फांदीला थोडं थोडं फेडत.
खाली आल्यावर त्यांनी बूट झटकला, पाय घातला,
म्हणाले, "भूक लागली."
घरी यातलं काही बोलायचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

आता मी कुताइसीत, पाचव्या मजल्यावर राहते.
गॅलरीतून चिमटा निसटला की ओठ आपोआप हलतात.
बाबा गुडघ्यांमुळे पायरीही बाजूने उतरतात.
बहीण ऑर्हुसला असते, दर डिसेंबरला फोटो पाठवते:
दिव्यांचं झाड, जे आमच्याच डोंगरातल्या
कुठल्यातरी अडीचमधून उगवलेलं असणार.
खालच्या फांदीला काचेचा लाल गोळा.
त्याचा दोरा ताठ, सरळ, जमिनीकडे.
मी फोटो मोठा करून बघते,
खाली गालिचा आहे की नुसती फरशी,
तेवढं दिसत नाही.