चकोन

रात्रपाळीला मी रुवीत, सातव्या मजल्यावर,
यंत्रांसाठी गार केलेल्या खोलीत स्वेटर घालून बसतो.
बाहेर रात्रीचे दोन, अडतीस अंश.
काळे डोंगर अजून दुपार ओकताहेत.

गावी विचारतात, काय काम करतोस?
सांगतो, लाईन बघतो.
वडिलांना वाटतं, विजेची.

लाईनवरून काय जातं ते मला दिसत नाही.
ते कुलपात असतं, आणि कुलूप चांगलं आहे,
याच धंद्यातला आहे म्हणून सांगतो.
मला दिसतं ते वरचंच:
कोण, कुठे, किती वाजता, किती वेळ.
धोपाव्याला आमचे टपालवाले रसाळ
कधी कुणाचं पाकीट फोडायचे नाहीत.
तरी कुणाच्या पोरीचं कुठे जमतंय,
कुणाचा मुलगा पैसे पाठवायचा थांबलाय,
सगळं त्यांना आधी ठाऊक,
पाकीट जड की हलकं, एवढ्यावरून.

मागच्या महिन्यात आमच्याच खोलीचं नेट रखडत होतं.
कनेक्शन माझ्या नावावर.
म्हटलं, घरचीच लाईन,
बघायला कुणाला विचारायचं?

पहाटे तीन दहा. मुंबईतल्या एका इस्पितळाचं नाव. चार मिनिटं.
तीन चौदा. रक्त तपासणारी प्रयोगशाळा.
तीन वीस. पुन्हा इस्पितळ, या खेपेला चाळीस मिनिटं.
मग सोनं तारण ठेवून घेणारे.
मग विमानाची तिकिटं.
परतीचं शोधलं का, ते कुलपात.
मग साडेचारपासून उजाडेपर्यंत नुसतं क्रिकेट.

मी कामावर होतो. खोलीत एकटा शौकत.
शौकत खलफे, दाभोळचा,
मत्राहला मासळीच्या गोदामात हिशेब लिहितो.

एक अक्षर वाचलं नव्हतं मी.
आणि सगळं वाचून झालं होतं.

सकाळी त्याने सुलेमानी पुढे केली, लिंबू जास्त.
"झोप लागली का रे?"
"मेल्यासारखी," तो हसला.
मी पेला दोन्ही हातांनी धरला,
जसा चोरीचा माल धरतात.

तेव्हापासून फोन उघडला की वाटतं,
असाच कुणी, कुठल्याशा सातव्या मजल्यावर, स्वेटरात.
मी वर्षातून एकदा एका बाईचं नाव शोधतो,
तिच्या वाढदिवसाला. बाकी काही नाही.
पण नुसत्या तारखा ओळीने लावल्या तर?
पोरं म्हणतात, व्हीपीएन घे.
भुयार खणून ठेवायचं, आणि आत जायचं ते
वर्षातून चार मिनिटांसाठी.

शुक्रवारी तो बहिणीशी बोलत होता.
मी समोर कपड्यांच्या घड्या घालत.
बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला, भाषा फिरली:
"चयलामा चगूसां चकोन."
"चधीक चणारये?" तिकडून झुलेखा.
भरभर, एकही शब्द न अडखळता,
लहानपणी माडीवर बसून घोटलेली.

त्याला काय ठाऊक,
खाडीच्या त्या अंगाला ती दोघं होती तेव्हा
या अंगाला, तिसरीच्या बाकावर,
आमच्याकडेही हीच किल्ली होती.
नको म्हटलं तरी शब्द सुलटे होत आले.
डोळ्याला पापणी असते. कानाला ती सोय नाही.

मी उठलो, न्हाणीत गेलो,
बादलीखाली नळ पूर्ण सोडला.
या दिवसांत इथे गार नळालाही कढत पाणी येतं.
बादली भरली, वाहिली, पायांवरून मोरीत गेली.
या मुलुखात एवढं पाणी सांडणं पापच.
मी भिंतीकडे तोंड करून उभा.

"मास्तर," बाहेरून शौकत ओरडला, "नळ राहिलाय चालू!"

"असू दे," मी म्हटलं,
"या आवाजात
मला काहीच ऐकू येत नाहीये."