तळपाय

प्रणोतीनं ग्रेनाडाहून आणल्या
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा काळ्या गोळ्या,
लिंबाएवढ्या, हाताला तेलकट.
दाजी म्हणाले, म्हशीला जंतावर देतात
तसलं दिसतंय काहीतरी.

"चॉकलेट आहे. पण चघळायचं नाही, मावशी,
उकळायचं."

चॉकलेट म्हणजे मला माहीत ते,
रुपया सुटा नसला की वाणी हातावर ठेवतो ते.

मग तिनं फोन पुढं केला.
मिस यूनिस, तिची घरमालकीण,
परसात कोकोची बारा झाडं.
फळ फणसासारखं, थेट बुंध्याला,
फोडलं की आत सीताफळासारखा पांढरा गर.
बिया लाकडी खोक्यात, वर केळीची पानं,
आठवडाभर आपल्या आपण तापतात,
आत हात घालवत नाही म्हणे.
नंतर उन्हात पसरायच्या,
आणि ही बाई, सत्तरीची,
झगा गुडघ्यापर्यंत खोचून
अनवाणी त्यांच्यातून चालते,
पाय न उचलता, सरकवत,
जशी शेतात पाणी पाजताना
आपण ओल चाचपत जातो.

"दर अर्ध्या तासाला चालायचं,
नाहीतर बुरशी धरते."

मी फोटो मोठा केला.
फक्त पाय.
भेगांत तांबूस काळं बसलेलं.

आबा हरिपूरच्या पेवांत उतरायचे.
हिंदुराव आला का, मगच तोंड उघडा, असं मुकादम म्हणायचा.
तोंड माणूस जाईल एवढंच, आत खोली वीस हात.
रात्रभर उघडं ठेवून सकाळी कंदील सोडायचा,
विझला तर बिडी ओढत बसायचं,
तेवला तर दोर धरून खाली.
भरताना हळद पायानं दाबायची,
कडेनं उसाचा पाला, वर माती,
की तीन-चार वर्षं बघायला नको.
घरी आले की उंबऱ्यावर पिवळे ठसे,
आई रोज पुसायची, रोज बोलायची.

पुराच्या साली कृष्णा पेवांत शिरली.
कुजलेल्या हळदीचा वास
दिवाळीपर्यंत गावात होता.
पुढं कोल्ड स्टोरेज आलं. तिथं पाय लागत नाहीत.

आबांना शेवटची अंघोळ घातली तेव्हा
मी पायांवरून ओघळणाऱ्या पाण्याकडं बघत होते.
स्वच्छ होतं. साधं पाणी.

प्रणोती सांगत होती,
मिस यूनिस बिया भाजते, उखळात कुटते,
त्यातच जायफळ, दालचिनी घालून
हातावर गोळ्या वळते.
तिथंही बाजार शनिवारीच.
आता वाडीतली दहा-बारा जणं मिळून
वड्या पाडतात, वर स्वतःच्या गावाचं नाव छापतात.
आधी बिया पोत्यानं बोटीवर जायच्या,
आणि तिथल्या पोरांनी चॉकलेट खाल्लं ते
परदेशातून परत आलेलं, वेष्टनातलं.

मी एक गोळी खिसणीवर किसली.
पाण्यात तमालपत्र, मग कीस,
मग दूध. गूळ खाली उतरवून,
नाहीतर फाटेल, म्हणून ताई ओरडत होती.
वर तेलाचा तवंग आला, सोनेरी.
वास ओल्या लाकडाचा, थोडा भाजल्या शेंगांचा,
आणि तळाशी काहीतरी कडू, ओळखीचं,
नाव नाही सांगता येत.

दाजी बशीत ओतून प्याले.
"म्हशीनं तोंड नसतं लावलं,"
म्हणाले, आणि बशी पुन्हा पुढं केली.

मी मार्केट यार्डात एकोणीस वर्षं पट्ट्या लिहिते.
माझ्या तोंडी दुसरं काय येणार?
"किलोला भाव काय मिळतो तिला?"

प्रणोती गप्प झाली.
तळपायाची सव्वीस हाडं
तिला डोळे मिटून सांगता येतात.
"विचारलं नाही गं कधी."

"विचार," म्हटलं,
आणि खिसणी धुवायला घेतली.
बोटांना लागलेलं
दोनदा साबण लावूनही जाईना.