समास

नगरपालिकेनं शोकसभेसाठी एक पान मागितलंय.
जन्म, शिक्षण, कारावास, भूषवलेली पदं, निधन.
पदांपुढं मी रेघ मारली.
टंकयंत्र त्यांचंच,
त्याचा 'ळ' अर्धाच उमटतो,
म्हणून चिकोडीच्या कोर्टात अडतीस वर्षं
बाळगोंडा मगदूम वकील थोडे अपुरेच दाखल होत राहिले.

पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच शिकवलं :
डावीकडं चार बोटं समास सोड.
कायदा मधोमध बोलतो,
माणसाला कडेला जागा लागते.

मधलं टाइप करून झालं.
आता कडेचं.

पहिल्या निवडणुकीची यादी आली तेव्हा
तंबाखूच्या वखारीतल्या बाया त्यात होत्या,
अमक्याची बायको, तमक्याची आई.
हे नवे वकील, सनद मिळून वर्ष झालेलं,
कंदील घेऊन निपाणीच्या गल्ल्यांत नावं विचारत फिरले.
माझ्या आईला विचारलं,
तिनं पदर सावरून झक्क उखाणा घेतला.
हे म्हणाले, हे ईश्वराचं झालं. तुझं?
आईला आली शिंक, तंबाखूची,
दोनदा विचारावं लागलं.
हौसाक्का.
शाई सांडलेली, तरी वाचता येतं.

मुद्रांकावरचं सरकार बदललं,
मुंबई, मग म्हैसूर, मग कर्नाटक,
टेबल तिथंच.
सीमेपायी हिंडलग्याला सात महिने काढून आले
आणि दुसऱ्याच वर्षी एका कन्नड मास्तरचं वकीलपत्र घेतलं,
पगार तटवलेला त्याचा.
आपल्याच पोरांनी रातोरात पाटीवर डांबर फासलं.
पुसायला निघाले मी, तर म्हणाले, राहू दे गं,
काळ्यावर पांढरं चांगलं दिसतं.
त्याच डांबरावर चुन्यानं नाव लिहिलं.

नगरपालिकेचा जमाखर्च चौकात लावा,
या एका ओळीसाठी नऊ वर्षं.
निकाल लागला आणि फळा टांगला असा उंच,
की कावळ्यांनीच वाचावा.
मग दर बाजारादिवशी हे स्टूल घेऊन.
आधी मराठीत वाचायचे, मग कन्नडमध्ये,
आणि त्यांचं ते कन्नड!
मिरच्या विकणाऱ्या बाया हसून हसून उच्चार सुधारायच्या,
त्या नादात नळाच्या पायपांचा आकडा
अख्ख्या बाजाराला पाठ.

हरलेले खटले जास्त आहेत.
त्यांच्या फायली वरच्या फळीवर, जिंकलेल्या खाली,
कारण जिंकलेल्यांना कुणी उघडत नाही म्हणायचे.
मुलाच्या लग्नात उशिरा पोचले.
काकूंनी आयुष्यभर दोन ताटं झाकून ठेवली,
एक त्यांचं, एक जो कुणी बरोबर येईल त्याचं.

आणि हेही लिहिते.
विडी वळणाऱ्यांच्या फंडासाठी बेंगळूरपर्यंत भांडलेला माणूस
माझा फंड भरायचा विसरला. अकरा वर्षं.
तोंडानं बोलणं जमलं नाही मला.
एका अर्जाच्या समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं,
टायपिस्टचं काय?
तीन दिवसांनी कागद परत आला,
खाली थरथरतं अक्षर :
'आरोपीस गुन्हा कबूल. हप्ते पाडून मिळावेत.'
हप्ते एकही चुकला नाही.
शेवटचा दवाखान्यातून आला,
सुट्ट्या नोटा, औषधाच्या चिठ्ठीत गुंडाळलेल्या.

आत्ताच पालिकेतून फोन आला :
बाई, एका पानात बसवा की,
हवं तर समास थोडा कमी करा.

बसतंय की, म्हटलं.
कागद नवा लावला.
डावीकडं चार बोटं ठेवून बघितली,
माझी बोटं त्यांच्याहून बारीक आहेत,
म्हणून पाच.