लोड

जुनी होम मैदानावर जळाली, एप्रिलात.
कार्बनचा वास अजून बोटांना आहे.

दुकानदार म्हणतो, पाच हजार केव्हीची घ्या,
बुंगाट पळते.
तळहातांवर दोन मोटरी:
एक पळणारी, एक ओढणारी.

नरसय्यामामांना फोन लावला.
अक्कलकोट रोडला जन्मभर
यंत्रमागांच्या मोटरी भरल्या त्यांनी;
खेळण्यातल्या गाडीला हसले नाहीत.
"लोड किती? जमीन कसली?"
मागे एकच माग खटखटत होता.
पूर्वी बोलणंच ऐकू यायचं नाही.

"मग सावकाश फिरणारी घे.
पळवून आण, लगेच बोट ठेव.
दहा मोजता आले तर जमलं."

संध्याकाळी मुरमाचा चढ
ती न कण्हता चढली.
बोट ठेवलं.
नऊ, दहा, अकरा...
उचलावंसं वाटेना.