हजेरी

वैजयंता रात्रपाळीहून परतते,
बोटांना अजून जळीत वॉर्डाचा वास.
म्हणते, इर्शादची पट्टी आज सोडवली.
रबाळ्याला वितळलं जस्त उडालं होतं त्याच्या दंडावर.
तीन दिवस तीच पट्टी, काळसर पडलेली,
आणि खाली कातडी गुलाबी. पू नाही.
"चांदी असते रे त्यात," चहा गाळता गाळता,
"इतकी बारीक, की केसाच्या रुंदीत
हजार कण सहज रांगेत बसतील."
मी मान डोलावतो. माझी पाळी सातची.

कोपरखैरण्याला, सांडपाण्याच्या केंद्रात
आंघोळीचं, भांड्यांचं, न सांगण्यासारखं
सगळं पाणी माझ्या टाकीत उतरतं.
ते मी साफ करत नाही. जंतू करतात.
मी त्यांना हवा देतो
आणि रोज सकाळी काचपट्टीवर थेंब ठेवून
हजेरी घेतो.
देठावर डोलणारे, इवल्या घंटांसारखे,
ते माझे लाडके. ते डोलले की पाणी बरं आहे.

गेल्या आठवड्यापासून कमी डोलतात.

कारणं शंभर असतील.
रात्री कुणी टँकर उपडा केला असेल गटारात.
साहेब म्हणतात, थंडी.
पुरावा माझ्याकडे काही नाही,
पायात मोजे आहेत.
वाशीला घेतलेले, दोन जोड्यांवर एक फुकट,
पाकिटावर ठळक: चांदीयुक्त, वासमुक्त.
दर धुण्याला थोडी थोडी सुटत असणार.
बरीचशी म्हणे गाळातच बसते,
गंधकाशी जुळून काळी होते, जुन्या पैंजणासारखी.
उरलीसुरली खाडीत.
चिखलातल्या निवट्यांना कोण विचारतो?

आणि चांदीला तरी कोण सांगणार,
हा जंतू जखमेतला,
हा बिचारा ड्यूटीवरचा.

लहानपणी पेढ्यावरचा वर्ख
जिभेवर ठेवला की नाहीसा व्हायचा.
कुठे गेला, हे मी विचारलं नव्हतं.

इर्शादची पट्टी पिवळ्या पिशवीतून भट्टीत गेली.
तो पुढच्या महिन्यात परत त्याच जस्ताच्या हौदाशी.
त्याच्यासाठी म्हणाल तर
माझ्या टाकीतला अर्धा संसार मी देऊन टाकीन.
पण माझ्या पायाच्या वासासाठी?

रजिस्टरात लिहितो: संख्या कमी.
कारणाचा रकाना कोरा.

घरी वैजयंता बादलीपाशी.
"मोजे टाकू का रे यात?"
मी दारातच उभा,
एक काढलेला, एक पायात.