विसावा भाग

नवतपाचा चौथा दिवस. बर्डीच्या गल्लीतली
सावलीसुद्धा दुकानात येऊन बसलेली.
विशाखाताई गजभियेंनी ऑटोतून उतरवला
चादरीत गुंडाळलेला डबा,
दोन हजार आठचा, कोअर टू ड्युओ.
"निमजे भाऊ, काही दम आहे का यात?
का भंगारात देऊ?"

उघडला तर आत इंदोऱ्याची धूळ,
पंख्याच्या पात्यात एका मुंगळ्याचा पंख,
प्रोसेसरवरची पेस्ट वाळून
पोपड्यासारखी निघाली नखाने.
पुसलं, नवी लावली,
आणि शेजारी ठेवला परवाच आलेला नवा.

काम दोघांना एकच दिलं. गजभिये सरांची फाईल:
रोज दुपारी अडीचला गच्चीवरचं तापमान,
एकवीस वर्षं, सात हजार सहाशे सत्तर ओळी.
पंचेचाळीसच्या वर गेला दिवस
की ती ओळ लाल करायची, आणि शेवटी सरासरी.
सरांनी स्वतःच लिहिलेला मॅक्रो, ओबडधोबड,
शाळेतल्या बाकासारखा पक्का.

नव्याने एंटर दाबल्याबरोबर उत्तर दिलं.
पंखा फिरला की नाही, तेही कळलं नाही.

जुना सहा मिनिटं तेवीस सेकंद.

घड्याळ म्हणाल तर दुपटीच्या थोडं वर,
मग इतका फरक कुठून आला?
हे मला बाबांनी आधीच शिकवलं होतं,
गोळीबार चौकात, हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून:
"धोटा किती खेपा गेला थे नोको सांगू.
लुगडं किती भरलं थे सांग."
नवा एका ठोक्यात पाच-सहा धागे भरतो,
पुढचा धागा कोणता लागेल ते आधीच ओळखतो,
चुकला तर गुपचूप उसवतो.
जुनाही ओळखायचा म्हणा. पण कमी,
आणि सूत आणायला कोठारापर्यंत
फार वेळा उठायचा.

हे सगळं मी सांगत होतो.
ताई ऐकत नव्हत्या.
त्या जुन्या पडद्याकडे पाहत होत्या,
तिथे ओळी सरकत होत्या खालून वर,
सेकंदाला वीस दिवस.
अठरा सेकंदांचं एक वर्ष, त्यात
दीड सेकंद मे, लाल.
मग पांढरं, पांढरं, पांढरं,
मग पुन्हा लाल.
मध्येच एक रिकामी चौकट गेली.
"थांबा! ती कोणती?"
मागे जाऊन पाहिलं. शेऱ्यात लिहिलं होतं:
'पिंकीचं लग्न. थर्मामीटर पाहुण्यांच्या गादीखाली.'

हसल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

नवाच घेतला त्यांनी. मीच घ्यायला लावला,
खोटं कशाला बोलू, जुन्याचा बोर्ड
हा उन्हाळा काढेल याची खात्री नव्हती.
बिल फाडताना म्हणाल्या,
"याच्यावर ते दिवस दिसत नाहीत हो.
हळू करता येईल का?"

बावीस वर्षांत लोकांनी
फास्ट करून द्या म्हणूनच डोकं खाल्लं.
मी मॅक्रो उघडला आणि सरांच्या ओळींमध्ये
माझी एक ओळ घातली:
प्रत्येक दिवसानंतर थांब,
सेकंदाचा विसावा भाग.
लिहून झाल्यावर त्या शब्दाकडे पाहत राहिलो.
मराठीत विसावा म्हणजे तेवढंच नसतं.

तेवढ्या वेळात याचे साडेबावीस कोटी ठोके,
आणि करायचं काय, तर काहीच नाही.
बसला बिचारा. एक दिवस, थांब.
एक दिवस, थांब.
सहा मिनिटं आणि वर थोडे सेकंद.

"याचे किती?"
मी कॅल्क्युलेटर हातात घेतला, ठेवला.
एवढ्यात कुलर खडखडायला लागला,
पाणी संपलं होतं.
बादली घेऊन उठलो.