चुरी

मोर्शी रोडवरच्या आमच्या शेडमध्ये
संत्र्याचे चार ढीग पडतात :
टपोर, मध्यम, बारीक आणि चुरी.
पट्टा फिरतो, मेणाचा वास येतो,
अठरा बाया दोन्ही बाजूंना उभ्या
आणि मी पॅड घेऊन मधून फिरतो.
सुपरवायझर. आठ वर्षं झाली.
त्याआधी क्रेट उचलायचो.

पारळकर साहेब पुण्याहून आले.
माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे.
बायांसाठी वेगळा संडास त्यांनीच बांधून दिला,
थंड पाण्याची मशीन आणली,
भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहवून घेतलं :
सचोटी. आदर. पारदर्शकता.
पेंटर इथलाच.
त्याचे निम्मे पैसे अजून बाकी आहेत.

मग आली आचारसंहिता, बावीस पानं, इंग्रजीत.
"तुम्ही थोडक्यात समजावून सांगा," साहेब म्हणाले.
मी थोडक्यात सांगितलं :
चोरी करू नका, भांडू नका, पट्ट्यावर खर्रा खाऊ नका.
सतराव्या पानावर होतं
की कारण न देता कमी करता येईल.
ते थोडक्यात बसलं नाही.
अकरा सह्या, सात अंगठे.

आंबियाचा तोडा संपत आला तेव्हा मेल आला :
मालाची करता तशी माणसांची प्रतवारी करा.
अ, ब, क.
शंभरात दहा जण 'क' मध्ये असलेच पाहिजेत.
"आणि सगळ्याच चांगल्या असल्या तर?"
साहेब हसले.
"शेषरावजी, ढिगात चुरी निघतेच ना?"
अठराचे दहा टक्के, एक पूर्णांक आठ.
पाऊण बाईहून थोडी जास्त.
साहेबांनी ती पूर्ण केली.

एक नाव सोपं होतं.
रेखा ठवकर बाळंतपणाला माहेरी गेली होती.
ते सोपं कसं झालं, हे मी स्वतःला विचारलं नाही.
दुसऱ्या नावाला रात्रीचे अकरा वाजले.

सिंधू धुर्वे.
तासाला अकरा क्रेट. बाकीच्यांचे चौदा, पंधरा.
कारण ती फळ टाकत नाही, ठेवते.
उजव्या हातानं उचलते, डाव्या तळव्यावर एकदा फिरवते,
देठ खाली करून ठेवते.
मी एकदा म्हटलं होतं, "सिंधूबाई, जरा हात उचला."
ती म्हणाली, "भाऊ, आदळलेलं आज नाई दिसत.
तिकडं गेल्यावर दिसते."
तिच्या हातचा माल कोचीवरून कधी परत आला नाही.
त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता.
रकाना नसल्याचं एक सुख असतं :
माणूस प्रामाणिकपणे फॉर्म भरू शकतो.

हात थरथरला वगैरे काही झालं नाही.
बटण दाबलं, लॅपटॉप मिटला, जेवलो.
भाकर गार झाली होती, एवढंच.

माघात ती आठवडी बाजारात दिसली.
पोत्यावर चुरीचा ढीग, वीस रुपये किलो.
ढीगही तसाच लावलेला, देठ खाली.
मी तयारी करून ठेवली होती :
वरून आदेश होता, माझ्या हातात काही नव्हतं,
पुढच्या बहाराला बघू.
ती म्हणाली,
"काय जी शेषरावभाऊ, पोरगी बारावीले हाये न यंदा?
निजते का रात्री, का नुसती वाचतच रायते?"

मी दोन किलो मागितली.
काटा सरळ उभा राहिला.
मग तिनं ढिगातलं एक उचललं,
तळव्यावर फिरवलं, परत ठेवलं.
दुसरं घेतलं, तेही फिरवलं,
आणि ते वरून दिलं.

घरी येऊन आधी तेच सोललं.
साल पातळ, एका बाजूला कोळशीचा डाग.
गोड.
फोडी नऊ होत्या.
मोजल्या मी. सवय आहे.